अध्यक्षांच्या दाढेतली फट

शेजाऱ्याने शेजाऱ्याला खेटून राहावे की अंतर राखून, या प्रश्नावर महसूल खाते आणि दंतवैद्यक यांचे मूलभूत मतभेद आहेत. महसूल खाते म्हणते, मध्ये बांध असावा, बांधाला दगड असावा, आणि तो दगड रातोरात सरकू नये. दंतवैद्यकाला बांध मान्य नाही. त्याच्या मते एका दाताने दुसऱ्याला असे टेकून उभे राहावे की मधून बारीक दोरा गेला तरी विचारून जावा. नगर जिल्ह्यात हे दुसरे मत अजून फारसे रुजलेले नाही. इथे दोन शेजारी एकमेकांना टेकले की आधी मोजणीचा अर्ज जातो आणि मग वकील लागतो. त्यामुळे श्रीगोंदा तालुक्यातल्या खळगेवाडीचे बिभीषण तात्या यांच्या तोंडात, खालच्या उजव्या बाजूला, दोन दाढांच्या मध्ये जी फट होती तिच्याकडे कोणी दोष म्हणून पाहिले नाही. उलट खळगेवाडीचा कारभार इतकी वर्षे सुरळीत चालला तो त्या फटीच्या आधारावर, हे पुढच्या हकिगतीवरून ध्यानात येईल.

बिभीषण तात्या हे खळगेवाडीच्या दूध संस्थेचे चेअरमन. चेअरमन झाले त्याच वर्षी त्यांची दाढ किडली आणि ती भरून घ्यायला ते नगरला गेले. (कागदोपत्री अहिल्यानगर, एस.टी.त बसताना अजून नगर.) तिथले डॉक्टर जुन्या वळणाचे होते. रस्त्यातला खड्डा ज्या भावनेने बुजवतात त्याच भावनेने ते दाढ बुजवत. चांदी कालवायची, खड्ड्यात दाबायची, वरून बोट फिरवायचे आणि रहदारी चालू करायची. शेजारची दाढ कुठे आहे, नव्या भरावाने तिला टेकायचे आहे की नाही, याची चौकशी करण्याची पद्धत तिथे नव्हती. परिणामी दोन दाढांच्या मध्ये ज्वारीचा दाणा आरामात बसेल एवढी फट राहिली. त्या दिवसापासून शेवग्याची शीर, मटणाचा धागा, उसाचा चोयटा, हुरडा आणि लग्नातली बडीशेप यांपैकी जे काही तात्यांच्या तोंडात गेले, त्याने पोटात जाण्यापूर्वी तिथे मुक्काम केला.

तात्यांनी सोनाराकडून चांदीचे दातकोरणे घडवून घेतले आणि काळ्या दोऱ्याने सदऱ्याच्या गुंडीला बांधले. सुरुवातीला त्याचा उपयोग फक्त दात कोरण्यासाठी होई. पण एका वार्षिक सभेत तो प्रसंग घडला, ज्याला खळगेवाडीच्या सहकाराचा खरा पाया म्हणता येईल.

खळगेवाडीत सभेआधी जेवण असते. इतर गावांत सभा आधी आणि जेवण नंतर ठेवतात. त्यामुळे लोक जेवायच्या आशेने शेवटपर्यंत बसतात आणि प्रश्न विचारतात. खळगेवाडीत शिपी आमटी, भाकरी आणि वर गुळाची लापशी पोटात गेल्यावर सभा सुरू होते, आणि विरोध करायलाही जरा उठून बसावे लागते. त्या सभेत कोणीतरी तात्यांना एक अवघड प्रश्न विचारला. उत्तर तात्यांना ठाऊक नव्हते. पण त्याच क्षणी शेवग्याची एक शीर दाढेत टोचत होती, म्हणून त्यांनी दातकोरणे काढले, डाव्या हाताचा पडदा तोंडासमोर धरला, नजर छताच्या पत्र्यावर लावली आणि काम सुरू केले. शीर चिवट होती. सभा थांबली. विचारणारा थोडा वेळ उभा राहिला, मग अवघडला, मग बसला. शेजारच्याने त्याला चिमटा काढून सांगितले, की चेअरमन इचार करत्यात. शीर निघाल्यावर तात्यांनी ती निरखून पाहिली, बाजूला टाकली आणि म्हणाले, "बघू."

सभेने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ही पद्धत कायम झाली आणि तिचे फायदे दिसू लागले. ते थोडक्यात असे :

(अ) प्रश्न विचारणाऱ्याला आपण घाई केली असे वाटून शरम वाटते.

(आ) तेवढ्यात दुसरा कोणीतरी उत्तर देतो, आणि ते चुकले तर चुकीचा धनी तो असतो.

(इ) वीज जाते. (खळगेवाडीत शेकडा साठ प्रश्न या मार्गाने सुटलेले आहेत.)

तात्या तोलून मापून बोलतात, अशी पंचक्रोशीत ख्याती झाली. सोयरिकी जुळवताना, भावकीचे वाद मिटवताना त्यांना मानाने नेऊन बसवू लागले. संस्थेच्या इतिहासात तात्यांचा एकही निर्णय चुकलेला नाही. (घेतलेलाही सापडत नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

आता तात्यांच्या पत्नी झुंबरबाई यांच्याविषयी. तात्यांच्या गोठ्यात ज्या गाई होत्या त्यांच्या धारा झुंबरबाई काढत. शेण, चारा, पाणी, गाभण गाईची जागरणे आणि व्यालेल्या गाईचा खरवस हेही त्यांच्याकडेच होते. दूध मात्र संस्थेत तात्यांच्या नावावर जाई, कारण सभासद तात्या होते. सर्वांत जास्त दूध घालणाऱ्या सभासदाला दर वर्षी स्टीलची बादली बक्षीस मिळे. ती चेअरमन बिभीषण तात्या यांच्या हस्ते सभासद बिभीषण तात्या यांना देण्यात येई. एकाच माणसाने बादली देणे आणि घेणे यात फोटोच्या वेळी अडचण येते, म्हणून देणाऱ्याच्या बाजूची कडी संस्थेचा सेक्रेटरी सहादेव धरत असे. दुसऱ्या दिवशी पहाटे झुंबरबाई त्याच बादलीत धार काढत.

झुंबरबाईंचे मागणे एकच होते आणि ते दर वर्षी सभेच्या आसपास निघे. मला सभासद करून घ्या, म्हणजे माझ्या हातचे दूध माझ्या नावावर जाईल. हे त्या रागाने म्हणत नसत. ताट उचलता उचलता म्हणत. तात्या दातकोरणे काढत. झुंबरबाईंची भांडी घासून होत, चूल सारवून होई, तरी तात्यांचे कोरणे चालूच असे. शेवटी "बघू" येई आणि दिवा जाई.

इतकी वर्षे तात्यांनी स्वतःलासुद्धा या प्रश्नाचे उत्तर कधी दिले नव्हते. दाढेत काही ना काही होतेच, त्यामुळे तशी वेळच आली नव्हती.

यंदा मात्र अडचण उभी राहिली. संस्थेची वार्षिक सभा, जी पावसाळा सरताना व्हायची, ती मुदतवाढ घेत घेत ऐन हुरड्याच्या दिवसांत आली होती. (सहकारात मुदतवाढ मिळत नाही असे फक्त दूधच आहे.) सभेला लागूनच संचालकांची निवडणूक होती आणि संचालकांतून चेअरमन निवडायचा होता. आणि अशा वेळी तात्यांची हिरडी सुजली. त्या फटीत वर्षानुवर्षे जे अडकत आले होते त्याने आतून पोखरायला सुरुवात केली होती. उजवा गाल एवढा फुगला की फ्लेक्सवरचा जुना फोटो आणि खुद्द तात्या एकाच घरातले वाटेनात. सहादेवने सुचवले, की मतदानापर्यंत चेहरा पूर्ववत झालेला बरा.

श्रीगोंद्यात डॉ. जया यांचा नवा दवाखाना होता. वयाने लहान, शिक्षणाने मोठ्या, आणि एका विषयाने झपाटलेल्या. तो विषय म्हणजे भरलेला दात शेजारच्या दाताला नीट टेकतो की नाही. इतर डॉक्टर दात भरतात आणि चहा पितात. जयाताईंना भरलेला दात शेजाऱ्याला नीट टेकला नाही तर जेवण जात नसे. त्यांनी तात्यांच्या तोंडात आरसा घातला, दिवा जवळ ओढला आणि पुन्हा आरसा घातला. मग विचारले, हे कोणी केले. तात्यांनी नगरच्या डॉक्टरांचे नाव सांगितले. जयाताईंनी डोळे मिटले.

त्यानंतर जे झाले ते तात्यांना अर्धवट कळले, तरी आवडले. आधी औषध देऊन सूज उतरवली. मग पुन्हा बोलावून जुनी चांदी उकरून काढली. दाढेभोवती पोलादाची कागदासारखी पातळ पट्टी बसवली. तिच्या बुडाशी लाकडाची इवलीशी पाचर ठोकली. (पाचर पाहून तात्यांना हायसे वाटले, तोवर ते सगळे परक्या देशातले वाटत होते.) वरून एक स्प्रिंगचे कडे लावले. ते दोन्ही दाढांना किंचित लांब सारते, जयाताईंनी सांगितले, म्हणजे पट्टी काढली की दाढा आपल्या जागी परत येतात आणि पट्टीच्या जाडीइतकेही अंतर राहत नाही. मग भराव थराथराने घातला, निळ्या उजेडात वाळवला, कडे काढले, पट्टी ओढली. शेवटी जयाताईंनी मेणाचा दोरा दोन दाढांमध्ये दाबला. तो आधी गेलाच नाही, मग टक् असा आवाज करून गेला. तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा जसा उजळला, तसा तात्यांनी आपल्या मुलीच्या लग्नात आपल्या व्याह्याचाही पाहिला नव्हता.

"तात्या, माझ्या हातून असा कॉन्टॅक्ट आजवर झाला नव्हता," त्या म्हणाल्या. "आता इथे काहीही अडकणार नाही."

तात्यांनी विचारले, की दातकोरणे तरी जाईल ना. जयाताई हसल्या आणि म्हणाल्या, की आता त्याची गरजच उरली नाही. तात्यांनी मान डोलावली. पुढारी माणसाला गरज नसलेल्या गोष्टीच सर्वांत जास्त लागतात, हे वैद्यकीय अभ्यासक्रमात नसते, आणि त्या क्षणी ते तात्यांच्याही लक्षात आले नाही.

त्या संध्याकाळी मळ्यात हुरडा भाजला. तात्यांनी उजव्या बाजूने चावला, आणि दाण्याचा गोड चीक जिभेवर उतरला तेव्हा त्यांना आपले तरुणपण आठवले. काही टोचले नाही, काही अडकले नाही. त्यांनी आणखी एक मूठ मागून घेतली, वर लसणाची चटणी, वर ताक. झुंबरबाई कणसे चोळून देत होत्या आणि नवरा मिटक्या मारत खातोय हे पाहून त्यांना बरे वाटत होते. दोघे इतक्या निवांतपणे शेजारी बसल्याला जमाना लोटला होता. म्हणून त्यांनी आपले नेहमीचे मागणे काढले, आणि तेही मऊपणाने.

तात्यांचा हात सवयीने गुंडीकडे गेला. दातकोरणे तोंडात गेले, डावा हात वर आला, नजर बाभळीच्या शेंड्याला लागली. पण दातकोरण्याला जागा सापडेना. ते दाढेवरून घसरले, गालाच्या आत टोचले, पुन्हा घसरले. काही अडकलेले नसतानाही कोरण्याचे सोंग करता येईल असे कोणाला वाटेल. त्याने करून पाहावे. आतून खरोखर काही अडकलेले असल्याशिवाय चेहऱ्यावर ते गांभीर्य उतरत नाही. तात्यांनी दातकोरणे खाली घेतले आणि लगेच म्हणाले, "बघू." आणि मध्ये काही नसलेला तो "बघू" त्यांच्याच कानाला "नाही" असा ऐकू आला. ते आगटीपाशी न थांबता पाण्याची मोटर बघायला गेले. मोटर बंदच होती.

सभेच्या दिवशी शिपी आमटी नेहमीसारखी झाली होती. जेवणे झाली, सतरंजीवर माणसे पसरली, सहादेवने मागील सभेचे कामकाज वाचून कायम केले. मग आसाराम उठला. आसाराम हा संस्थेचा विरोधी पक्ष. तो दर वर्षी एकच प्रश्न विचारी, की दुधाचे मशीन सकाळी फॅट कमी का दाखवते, आणि तात्यांचे कोरणे पाहून खाली बसे. याही वर्षी त्याने प्रश्न विचारला आणि बसायला गुडघे वाकवले.

तात्यांचा हात गुंडीवर गेला आणि तिथेच राहिला. सभा वाट पाहत होती. तोंडात वाट अडवणारे काहीही नव्हते.

"मला माहीत न्हाई," तात्या म्हणाले. "मला त्या मशीनवरचं वाचाया येत न्हाई."

आसाराम वाकल्या गुडघ्यांवर तसाच थांबला. इतक्या वर्षांत त्याने प्रश्नाची तयारी पक्की केली होती; उत्तर मिळाल्यावर पुढे काय करायचे असते याची केलेली नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिले, "बरं बरं," म्हणाला, आणि घाम पुसत बसला. मग मागून कोणीतरी विचारले, की जनावरांचा दवाखाना गावात कधी येणार. तात्या म्हणाले, की यायचा नाही, कारण आपण अर्जच दिलेला नाही. एकाने विचारले, की मग मागच्या सभेत पाठपुरावा चालू आहे असे का सांगितले. तात्या म्हणाले, की ते सहादेवने लिहिले होते, आपल्याला ऐकायला छान वाटले. सभेत चुळबूळ सुरू झाली. लोक घाबरले होते. चेअरमनला वारे लागले असावे असे कोणी म्हणाले, कोणी डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या इंजेक्शनवर संशय घेतला.

आमटीच्या पातेल्यापाशी झुंबरबाई उभ्या होत्या, हातात पळी. सभासद नसल्यामुळे त्यांना सभेत बसायचा अधिकार नव्हता. पण वाढपी म्हणून उभे राहायला पोटनियमांत मनाई नव्हती. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, पदर खांद्यावरून घेतला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "आवो, मला का सभासद करत न्हाई?"

तात्यांनी पत्र्याकडे पाहिले. पत्र्यावर काही लिहिलेले नव्हते.

"केलं तर तू या खुर्चीत येऊन बसशील," तात्या म्हणाले. "गोठा तू चालवतीस, ही संस्था बी तुला जमंल. लोकांला त्ये कळंल. मंग मी काय करायचं?"

तात्यांना, दाढेत खोलवर रुतलेला धागा सुटावा तसे क्षणभर हलके वाटले. इतके हलके त्यांना कधीच वाटले नव्हते. मग त्यांना भरलेली सतरंजी दिसली, पातेल्यांमागे उभ्या राहिलेल्या बायका दिसल्या, त्या बायका झुंबरबाईंकडे कशा पाहत आहेत ते दिसले, आणि ते भ्याले.

झुंबरबाई एवढेच म्हणाल्या, "म्हंजी इतकी वर्सं माजं बोलनं तुमच्या दाढेत अडकलं हुतं व्हय." आणि त्यांनी पातेले उचलले.

सहादेवने प्रसंगावधान राखले. समोर तीनशे माणसे बसलेली असताना त्याने गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचे जाहीर केले, आणि ती मतदानानंतर त्याच ठिकाणी, गणपूर्तीची अट न ठेवता भरेल असे सांगितले. लोक समाधानाने उठले. निदान एक गोष्ट तरी नेहमीसारखी झाली होती.

संचालकांची तातडीची बैठक मागच्या खोलीत भरली. सरळ उत्तरे देणारा चेअरमन घेऊन निवडणुकीला कसे जायचे, असा प्रश्न होता. एक संचालक म्हणाला, की आज दवाखान्याचे सांगितले, उद्या पशुखाद्याचे सांगतील. सर्वांच्या अंगावर काटा आला. मग पुढील ठराव सर्वानुमते मंजूर झाला : "मा. चेअरमन साहेबांच्या मुखातील उजव्या बाजूची फट ही संस्थेच्या कामकाजाची मूलभूत सुविधा असून ती संस्थेची पूर्वपरवानगी न घेता बुजविण्यात आली, याबद्दल ही सभा खेद व्यक्त करते. सदर फट मतदानापूर्वी पूर्ववत करून घेण्याचे ठरले."

ठरावाची प्रत घेऊन तात्या आणि सहादेव जयाताईंकडे गेले. जयाताईंनी ती दोनदा वाचली. त्यांनी तात्यांच्या दाढेचा फोटो काढून आपल्या डॉक्टर मैत्रिणींना पाठवला होता आणि त्यावर दूरदूरच्या शहरांतून टाळ्या आल्या होत्या. त्यांनी साफ नकार दिला. वर समजावले, की ही फट पुन्हा पाडली तर हिरडी पुन्हा सुजेल, आतले हाड झिजेल, आणि शेवटी एक नाही, दोन्ही दाढा जातील.

"किती वर्सं निघतील?" तात्यांनी विचारले.

"फार तर पाच," जयाताई म्हणाल्या.

तात्यांनी सहादेवकडे पाहिले. सहादेव म्हणाला, "पंचवार्षिक पाचाचंच असतं, तात्या."

तात्यांना हुरडा आठवला. उजव्या बाजूने चावलेला, गोड. त्यांना खरोखर वाईट वाटले, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते दोनदा थांबले. मग गाडीत बसले आणि नगरकडे चला म्हणाले.

नगरचे ते डॉक्टर आता बरेच म्हातारे झाले होते, पण दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर पतसंस्थेचे दोन अध्यक्ष, एका शिक्षण संस्थेचे सचिव, देवस्थानचे विश्वस्त आणि चार माजी सरपंच बसले होते. कोणाच्याही गालाला सूज नव्हती. प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात काडी होती. तात्यांना पाहून सगळ्यांनी आपुलकीने सरकून जागा दिली. हे क्षेत्र किती संघटित आहे याची तात्यांना तोवर कल्पना नव्हती. भिंगारहून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले, की पुण्यात शिकलेल्या पोरी गावोगाव दवाखाने टाकू लागल्यापासून इथली गर्दी वाढली आहे. त्या भरतात, आणि इथले डॉक्टर पुन्हा मोकळे करून देतात.

डॉक्टरांनी तात्यांना ओळखले. कोणतीही पट्टी न लावता, पाचर न ठोकता ते कामाला लागले. मध्ये एकदाच थांबून विचारले, की केवढी ठेवू. त्यांच्याकडे मापे ठरलेली होती. ग्रामपंचायत सदस्याला बाजरी, सरपंचाला ज्वारी, संस्थेच्या अध्यक्षाला तूर. त्याच्या वरच्या पदांना हरभरा. तात्यांनी भविष्याचा विचार करून हरभरा सांगितला.

निवडणूक बिनविरोध झाली. आसारामने अर्ज भरला होता तो मागे घेतला, कारण आता कोणी उत्तर दिले तर काय करायचे ही धास्ती त्याच्या मनातून जाईना. तात्या पुन्हा चेअरमन झाले. तहकूब सभा भरली तेव्हा कोणीतरी जनावरांच्या दवाखान्याचे पुन्हा विचारले. तात्यांनी दातकोरणे काढले, ते फटीत थेट दोऱ्याच्या गाठीपर्यंत गेले, नजर पत्र्याला लागली, आणि सभेतून समाधानाचा एक सुस्कारा निघाला. जुन्या जाणत्यांच्या डोळ्यांत पाणी आले. बादली तात्यांनी तात्यांना दिली.

झुंबरबाई सभेला आल्या नव्हत्या. आमटी दुसऱ्या कोणी केली होती आणि तिला चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडले तरी घरात दुधाच्या भांड्यांचा आवाज आला नाही. तात्या बाहेर आले. झुंबरबाई ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या, शेजारी नवी बादली, कोरडी. गोठ्यात गाई हंबरत होत्या, कासा तटतटल्या होत्या. संकलनाच्या टेम्पोचा हॉर्न वेशीपाशी वाजला. तात्यांनी विचारले, "धारा काढल्या का?"

झुंबरबाईंनी बाजूची कडुनिंबाची काडी उचलली. त्यांचे सगळे दात धडधाकट होते आणि एकमेकांना असे टेकून उभे होते की जयाताईंनी त्यांची पूजा केली असती. त्यात अडकण्यासारखे काहीही नव्हते. तरी त्यांनी डाव्या हाताचा पडदा धरला, नजर आढ्याला लावली आणि काडी तोंडात घातली. तात्या उभे राहिले, मग अवघडले. टेम्पोने पुन्हा हॉर्न दिला आणि पुढे गेला. गाईंचे हंबरणे वाढले. तात्यांना त्या गाईंपैकी लाथ मारणारी कोणती हेही माहीत नव्हते.

बऱ्याच वेळाने झुंबरबाईंनी काडी बाहेर काढली, निरखून पाहिली आणि बाजूला टाकली.

"बघू," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी सहादेव पोटनियमांचे पुस्तक घेऊन आला. ठरलेल्या मुदतीत दूध न घालणारा सभासद अक्रियाशील ठरतो, आणि अक्रियाशील सभासदाला चेअरमन राहता येत नाही, असे त्यात छापले होते. त्याने ते कलम तात्यांना वाचून दाखवले आणि आता काय करायचे म्हणून विचारले. तात्यांनी दातकोरणे काढले. ते अजून चालू आहे, आणि ओट्यावरची बादली अजून कोरडी आहे.

हे वाचून सुजाण वाचक झुंबरबाईंच्या बाजूने झाला असेल, तात्यांवर हसला असेल, आणि मधूनच नकळत आपली जीभ मागच्या दाढांवरून फिरवून आपल्याकडे तसे काही नाही याची खात्री करून घेतली असेल. उत्तम. दाढा टेकलेल्या असणे चांगलेच. फक्त आज सकाळी चहा ठेवताना घरातून तुम्हाला कोणीतरी काहीतरी विचारले होते, आणि तुम्ही मोबाईलवरची नजर न काढता "हं, बघू" म्हणाला होतात. काय विचारले होते ते आठवते का?

सावकाश आठवा. विचारणारे माणूस अजून उभे असेल असे मात्र धरून चालू नका.